सोळा की सतरा? आधी ब्रेक बोला!

चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 2022 मध्ये बंद झाली, पण तिची क्रेझ कायम आहे. सेकंडहँड जीटी घेतलेले मित्र मला हमखास विचारतात, 'अलॉय सोळाचे टाकू की सतराचे?' माझा उलटा प्रश्न, 'ब्रेक कोणते ठेवणार?'

कारण सोपं आहे. डिस्क मोठी केली, की कॅलिपरला रिमच्या आत जागा लागते. म्हणून आधी ब्रेक, मग ते मावतील अशी लहानात लहान रिम आणि त्यानंतर टायर. लूक सगळ्यात शेवटी!

मोठी डिस्क मुळात हवी का? एकदाच करकचून ब्रेक दाबलात आणि एबीएस सुरू झालं, तर गाडी किती अंतरात थांबणार हे टायरची पकड ठरवते. मोठ्या डिस्कचा खरा फायदा उष्णता सोसण्यात. 120 च्या वेगातून थांबताना ब्रेकना 60 च्या चौपट ऊर्जा पचवावी लागते. ट्रॅकवर हे सारखं होतं, ऑफिसच्या वाटेवर नाही. तुम्हा-आम्हाला चांगले पॅड आणि ताजं ब्रेक फ्लुइड बहुतेक वेळा पुरतं.

आता गणित. 185/60 आर 15 टायरचा व्यास 603 मिमी. 195/50 आर 16 चा 601, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तेवढाच. 205/40 आर 17 चा 596. व्यासात फार फरक नाही, पण रिमभोवतीची रबराची भिंत 111 वरून थेट 82 मिमीवर येते!

ही भिंत किती मोलाची, ते समृद्धीवरून जालन्याला उतरून राजूरच्या गणपतीला जाताना कळतं. एक्स्प्रेसवेची मजा संपते, मग गावं, स्पीडब्रेकर, कडेचे खड्डे. अंगारकीच्या आदल्या रात्री तर या रस्त्यावर पायी निघालेले भाविक असतात. अंधारात कुणी अचानक समोर आलं, तर टायरनं रस्ता धरायला हवा. खड्ड्यात रिम वाकलेली, टायर फुगलेला असेल, तर तो काय धरणार?

माझं मत सोळाला. पीसीडी 100 मिमी, पाच बोल्ट. ऑफसेट कंपनीच्या जवळचा, लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको आणि रिम शक्य तितकी हलकी. उरलेल्या पैशांत उत्तम टायर घ्या. पार्किंगमध्ये कुणी वळून बघणार नाही कदाचित, पण गाडी वेळेत थांबेल.