निष्ठा आणि संस्था : एकाच धातूचे दोन शब्द



वार्षिक सभा असो की मोळी टाकण्याचा समारंभ, 'निष्ठा', 'समर्पण', 'वाहून घेणे' हे शब्द कानावर पडतातच. टाळ्याही पडतात. पण या शब्दांचा मूळ अर्थ काय, हे एकदा सोलून बघावे असे आम्हांस वाटते.

पहिला शब्द 'निष्ठा'. 'नि' हा उपसर्ग आणि 'स्था' हा संस्कृत धातू. स्था म्हणजे उभे राहणे. स्थान, स्थिर, व्यवस्था ही सगळी त्याच भावकीतली. तेव्हा निष्ठा म्हणजे पाय रोवून उभे राहणे. आणि 'संस्था' हा शब्दही याच धातूचा! 'सम्' म्हणजे एकत्र. सभासद जागा सोडू लागले, तर संस्था तरी कशी उभी राहणार?

दुसरा शब्द 'समर्पण'. अर्पण म्हणजे हवाली करणे. समर्पण म्हणजे पुरतेपणी हवाली करणे. पुस्तकाच्या सुरुवातीची अर्पणपत्रिका यातलीच. इंग्रजीत या सगळ्याला 'डेडिकेशन' म्हणतात. तो शब्द मूळचा लॅटिन. रोमन लोक मंदिर बांधून झाले की ते जाहीरपणे देवाच्या नावे करीत, त्यावरून तो आला. म्हणजे चारचौघांत शब्द देणे त्यात आलेच.

तिसरा आपला घरचा, 'वाहून घेणे'. बैल ओझे वाहतो, आपण देवाला फूल वाहतो. कामाला वाहून घेणे म्हणजे स्वतःलाच त्या फुलासारखे वाहणे. पण एक क्रियापद बदला, 'वाहून जाणे' म्हणा, की अर्थ उलटा होतो!

आता हे आपल्या शिवारात आणू. उसाची नोंद दिली म्हणजे चारचौघांत शब्द दिला. पुढे ऐन हंगामात कुणी चार पैसे जादा दराचा निरोप आणतो आणि नोंदीचा ऊस दुसरीकडे जातो. त्या एका खेपेने काय बिघडते, असे वाटते खरे. पण ऊस कमी पडला म्हणून कारखान्याचे पगार, व्याज, दुरुस्ती काही कमी होत नाही. तोच खर्च थोड्या टनांवर बसतो, आणि शेवटी सगळ्यांच्याच दराला कात्री लागते.

मात्र निष्ठा एकतर्फी मागता येत नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा क्रम पाळणे, काट्यावर वजन चोख देणे, ही कारखान्याची निष्ठा. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे हे तर बंधनच आहे. क्रम डावलून कुणाच्या तोडी पुढे गेल्या, तर सभासदाने गट कार्यालयात येऊन जाब विचारावा. तो त्याचा हक्क आहे.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. चिमणीतून धूर निघण्याआधी शेतकऱ्यांनी पदरचे पैसे भागभांडवलात घातले होते. तिथे शब्द आधी दिला गेला, साखर मागून आली.

तेव्हा हंगामापूर्वी प्रत्येकाने आपली नोंद तपासून घ्यावी. गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख यांत चूक असल्यास लगेच दुरुस्त करावी. खोडव्याची नोंद वेगळी द्यावी, ती पुष्कळदा राहून जाते.

— ऊस विकास अधिकारी