तिन्हीसांजेची माळ

माझ्या गावात ख्रिस्ती घर एकही नाही. तोरण्याच्या पायथ्याला वाढलेल्या माझ्यासारख्या मुलाला ‘कॅथलिक’ म्हटले की नाताळचा केक आणि सिनेमातले पांढऱ्या झग्यातले फादर, एवढेच ठाऊक. त्यांच्या घरात रोज काय चालते हे पाहण्याचा योग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आला. माझा थोरला भाऊ वसईला नोकरी करतो. एका कॅथलिक कुटुंबाच्या वाडीत खोली घेऊन राहतो. त्याच्याकडे मी आठ दिवस होतो, आणि आठही संध्याकाळी घरमालकांच्या ओटीवर बसून त्यांची प्रार्थना ऐकली. धर्माचा अभ्यास करावा हा हेतू नव्हता. पण त्या प्रार्थनेत मला देवापेक्षा घरच अधिक दिसले, म्हणून हा लेख.

वसईचे हे लोक आपल्याइतकेच मराठी. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि राज्य बदलल्यावरही तो टिकवला. बोली मात्र इथल्याच मातीची राहिली. उस्मानाबादला २०२० साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे.

तर ती प्रार्थना. तिला रोझरी म्हणतात, म्हणजे जपमाळ. १८८३ साली पोप तेरावे लिओ यांनी ऑक्टोबर महिना या माळेला वाहिला. मी गेलो तो नेमका ऑक्टोबरच होता, त्यामुळे घरात कोणी टाळाटाळ करीत नव्हते. दिवेलागण झाली की आजी येशू-मारियेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावीत आणि हाक मारीत. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. एका गटाला ‘दशक’ म्हणतात. प्रत्येक दशकाच्या आरंभी येशूने शिकवलेली, परमेश्वराला पिता म्हणणारी प्रार्थना एकदा, मग मारियेची प्रार्थना दहा वेळा, शेवटी छोटीशी स्तुती. सारे मिळून वीस-पंचवीस मिनिटे.

आता यातली खरी गंमत सांगतो. मारियेची प्रार्थना दोन भागांत आहे. पहिला भाग वंदनाचा, दुसरा विनवणीचा. पहिला भाग एकाने म्हणायचा आणि दुसरा बाकीच्यांनी. शिवाय पाच दशके पाच जणांकडे वाटलेली. पहिले आजींचे, दुसरे काकांचे, तिसरे आठ वर्षांच्या नातीचे, मग काकूंचे, शेवटचे थोरल्या मुलाचे. नातीची पाळी आली की आजीसुद्धा तिच्या मागून म्हणणार. ती मध्येच एक मणी विसरली तर कोणी रागावत नसे. काका हळूच बोट वर करीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या घरात मोठा खटका उडाला. वाडीचा एक तुकडा बिल्डरला द्यावा असे मुलाचे म्हणणे, आणि काका ऐकून घ्यायला तयार नाहीत. आवाज आमच्या खोलीपर्यंत आले. संध्याकाळी दोघेही तोंडे फिरवून बसले. मला वाटले, आज माळ मोडणार. पण मुलाचे दशक आले, त्याने पहिला भाग म्हटला, आणि काकांना दुसरा भाग म्हणावाच लागला. एकदा नव्हे, दहा वेळा. एकाने सुरू केलेले वाक्य दुसऱ्याने पुरे करायचे! समेट झाला असे मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही दोघे धड बोलत नव्हते. पण अबोल्याच्या दिवशी बापलेकांचा एकमेकांशी तेवढा तरी आवाज जुळला. आमच्याकडे असा दिवस कोरडाच जातो.

दशकागणिक एका प्रसंगाचे चिंतन करतात, त्याला ‘रहस्य’ असा शब्द आहे. आनंदाची, दुःखाची, गौरवाची अशी रहस्ये वारांप्रमाणे ठरलेली. प्रकाशाची रहस्ये २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी जोडली. ‘रहस्य’ म्हणजे काहीतरी गूढ असेल या समजुतीने मी कान टवकारले, तर त्यात निघाल्या घरच्याच गोष्टी. गरोदर मारिया आपल्या वयस्कर नातलग एलिझाबेथकडे जाऊन तीन महिने राहते. बारा वर्षांचा मुलगा यात्रेच्या गर्दीत हरवतो, आईबाप शोधत फिरतात, तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडतो आणि आई त्याला बोलते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्ये. त्यांचे शेवटचे टोक म्हणजे आईच्या डोळ्यांदेखत गेलेला मुलगा. या घरातला धाकटा मुलगा तरुणपणीच वारला आहे, हे मला भावाकडून कळले होते. मंगळवारी ते शेवटचे दशक थोरला न म्हणता आजी म्हणत. का, असे मी विचारले नाही.

घर हेच लहानसे चर्च, ही कल्पना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट मांडली. त्याआधी १९२१ मध्ये येशू, मारिया आणि योसेफ यांच्या ‘पवित्र कुटुंबा’चा सण साऱ्या कॅथलिक जगासाठी ठरला होता, तो आता सहसा नाताळनंतरच्या रविवारी येतो. आयर्लंडात जन्मलेले फादर पॅट्रिक पेटन यांनी १९४२ पासून कौटुंबिक रोझरीसाठी अमेरिकेत मोठी चळवळच उभारली. लहानपणी रोज रात्री घरात माळ होई, त्या आठवणीवर ती उभी होती. गोव्यात माळ संपल्यावर लहानांनी वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागायची रीत आहे.

हे सारे आदर्शच आहे असे मात्र कोणी समजू नये. शेवटची दोन दशके कधीकधी गाडी सुटत असल्यासारखी पळत. नात आजीच्या मांडीवर झोपून जाई, थोरल्याचे लक्ष मोबाइलकडे असे. “माळ म्हटली म्हणून दारू सुटत नाही की जमीन वाचत नाही,” असे आजी स्वतःच म्हणाल्या. “पण कोण जेवलं नाही, कोण आजारी आहे, हे तेव्हा कळतं.”

आमच्याकडे याच वेळेला हरिपाठ असतो. ही दोन जगे फार लांबची नाहीत. २००९ पासून २०२३ पर्यंत पुणे धर्मप्रांताचे बिशप असलेले थॉमस डाबरे हे मूळचे वसईचे, आणि तुकारामांच्या ईश्वरानुभवावर त्यांनी ग्रंथ लिहिला आहे. पण आमच्या गावचा हरिपाठ देवळात होतो. पुरुष टाळ घेऊन जातात, बायका त्या वेळी चुलीपाशी असतात, आणि घरात आजी एकटीच दिवा लावते. मुलांचा परवचा तर केव्हाच बंद पडला. देऊळ भरते आणि घर रिकामे राहते, हे वसईला जाईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

आमच्या घराची ओसरी एक आणि चुली दोन आहेत. भातखाचराच्या बांधावरून वडील आणि चुलते चार वर्षे बोलत नाहीत. सुट्टीवरून परतल्यावर मी आजीला म्हणालो, आठवड्यातून एक दिवस हरिपाठ ओसरीवर म्हणू. एक अभंग आपण, एक त्यांनी. आजी म्हणाली, “वसईचं वारं लागलं व्हय रं तुला?” पण गुरुवारी तिने घोंगडी अंथरली. वडील बसले. चुलते आले नाहीत. तिसऱ्या अभंगाला चुलती धाकट्याला कडेवर घेऊन दारात येऊन उभी राहिली. वडिलांनी आवाज थोडा उतरवला आणि पुढचा अभंग सुरू न करता थांबले. मग चुलतीनेच तो उचलला.