बेकायदा बागेत सापडलेली गावं

सत्तरच्या दशकातली गोष्ट. चंडीगडच्या उत्तर टोकाला, सुखना तलावाजवळच्या जंगलात सरकारी मजुरांची टोळी झाडी साफ करत चालली होती. या पट्ट्यात बांधकामाला सक्त मनाई. झाडी हटली आणि समोर माणसंच माणसं! सिमेंटची, अंगभर फुटक्या बांगड्या ल्यालेली. मागे जनावरं, पक्षी, वाटा, भिंती, चौक. सुमारे बारा एकरांवर कुणीतरी अख्खं राज्य वसवलं होतं आणि सरकारी दफ्तरात त्याची एका ओळीची नोंद नव्हती.

करणारा सरकारचाच माणूस निघाला. नेकचंद सैनी, पीडब्ल्यूडीतला रोड इन्स्पेक्टर. दिवसा रस्त्यांच्या कामावर देखरेख करायची, ड्यूटी संपली की सायकल काढून जंगल गाठायचं. अंधार पडला की जुने टायर पेटवायचे आणि त्या उजेडात हात चालवायचा. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून हे बिनबोभाट चालू होतं. आखीवरेखीव म्हणून जगभर नावाजलेल्या शहराच्या नाकाखाली!

खरा शोध याच्या पुढचा आहे. एवढा माल त्याने आणला कुठून?

त्यासाठी चंडीगडच्या आधीची जमीन बघायला हवी. शिवालिकच्या पायथ्याचा, हळूहळू उतरत जाणारा हा सपाट प्रदेश तेव्हा अंबाला जिल्ह्यात होता. एका अंगाला पतियाळा की राव, दुसऱ्या अंगाला सुखना चो. दोन्ही पावसाळी ओढे, एरवी गोट्यांनी भरलेले. मध्ये शेतं, आमराया आणि लहान लहान गावं. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला नवी राजधानी हवी झाली आणि 1948 मध्ये ही जागा पक्की झाली. 1951 मध्ये वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए आला, कागदावर चौकोनी सेक्टर पडले. शेतकऱ्यांनी विरोध केला, पण जमिनी गेल्याच. रुडकी, नगला, कंथाला अशी गावं उठली. कारखान्यांसाठी आग्नेयेला, रेल्वेलगत जागा धरली आणि राहत्या वस्तीपासून ती झाडांच्या पट्ट्याने वेगळी काढली. तोच आजचा इंडस्ट्रियल एरिया. स्टेशनला खेटून असलेलं दरिया हे गाव मात्र टिकलं. त्याच्या गल्ल्या बघितल्या की शेजारच्या सरळसोट रस्त्यांखाली काय गेलं असेल याचा अंदाज येतो.

आपल्याकडे उजनी धरणात गेलेल्या पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की दिसतं तरी. चंडीगडच्या गावांवर डांबर पडलं. ते ओसरत नाही.

मात्र ही गावं पाडली जात होती तेव्हा रोड इन्स्पेक्टर नेकचंद ढिगाऱ्यांपाशी उभा होता. फुटक्या कपबश्या, खापरं, बांगड्यांचे तुकडे, इतरांच्या लेखी राडारोडा, तो वेचत राहिला. ओढ्यांतले आणि घग्गरच्या पात्रातले चित्रविचित्र दगड त्याने सायकलवरून वाहून आणले. पुढे नव्या शहराचा कचराही यात मिसळला: भट्ट्यांतली मळी, विजेची निकामी बटणं आणि सॉकेट, न्हाव्याच्या दुकानातले केससुद्धा. जवळ जाऊन पाहिलं तर एखाद्या जनावराचे पाय म्हणजे सायकलचा तुकडा असतो. बाईच्या लुगड्यावरची हिरवी-लाल नक्षी म्हणजे उभ्या रोवलेल्या काचेच्या बांगड्या. कुणाच्या तरी मनगटावरच्या. बागेत मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या याच.

नेकचंदचं स्वतःचं गाव, बेरियां कलां, शकरगढ तालुक्यातलं. 1947 मध्ये ते सीमेपलीकडे राहिलं आणि हा तेविशीही न गाठलेला तरुण इकडे आला. आपलं गाव गमावलेला माणूस दुसऱ्यांची उठलेली गावं पोत्यात भरत होता. त्याच्या वेडाचा यापेक्षा सरळ उलगडा मला तरी सुचत नाही.

बाग उघडकीला आल्यावर प्रशासनाची पंचाईत झाली. कायद्याने सगळंच बेकायदा, म्हणजे पाडायलाच हवं. पण बातमी फुटली, बघ्यांची रीघ लागली आणि पाडणं जड जाऊ लागलं. अखेर 1976 मध्ये ही बाग रॉक गार्डन या नावाने लोकांसाठी खुली झाली. ज्याच्यावर कारवाई व्हायची त्यालाच पगार, बागेपुरतं सब डिव्हिजनल इंजिनियर हे पद आणि पन्नास मजूर मिळाले. सरकारी फाइलीचा असा सुखान्त क्वचितच होतो. 1983 मध्ये बागेचं टपाल तिकीट निघालं, 1984 मध्ये नेकचंदला पद्मश्री मिळाली. पुढे एकदा बागेवर बुलडोझर आले तेव्हा चंडीगडकरांनी हातात हात धरून साखळी केली आणि ते परतवले.

12 जून 2015 रोजी, नव्वदाव्या वर्षी, नेकचंद गेले. दहा वर्षं होतात न होतात तोच, 2025 मध्ये, हायकोर्टाकडचा रस्ता आणि पार्किंग वाढवण्यासाठी प्रशासनाने बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला. या खेपेला नागरिकांचा विरोध उपयोगी पडला नाही. उठवलेल्या गावांचा जो थोडाफार ऐवज या शहरात उरला आहे, त्यालाही रस्त्याची आखणी आडवी आली. चंडीगडला जाणार असाल, तर तलावावर फोटो काढण्याआधी त्या बांगड्या बघून घ्या.