आधी भुई सारवा, मग रंग भरा

मोबाईलवर किंवा टॅबलेटवर चित्र काढताना मागचा रंग कोणता घ्यावा?

पूर्वी चित्र काढायचं म्हटलं की ड्रॉइंगची वही, रंगांच्या वड्या, पाण्याचा पेला आणि पाठोपाठ सांडासांड हे ठरलेलं. आता हा सगळा पसारा मोबाईलमध्ये नाहीतर टॅबलेटमध्ये जाऊन बसला आहे. दुपारची आवराआवर झाली की कोपऱ्यात बसून बोटाने किंवा त्या खास पेनाने चित्र काढणाऱ्या बायका बऱ्याच दिसू लागल्या आहेत. कुणी मुंजीची पत्रिका करते, कुणी हळदीकुंकवाचं आमंत्रण, तर कुणी आईच्या पंचाहत्तरीसाठी जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढते. रंग संपत नाहीत, हात माखत नाहीत, चुकलं तर पुसता येतं. सोय मोठी, यात शंका नाही.

पण या सोयीबरोबर एक वस्तू न मागता पदरात पडते. ती म्हणजे पांढराशुभ्र पडदा. नवीन चित्र उघडलं की बहुतेक ॲप्स समोर पांढरं पान ठेवतात आणि आपणही ते मुकाट्याने घेतो. नाक, डोळे, साडी, दागिने सगळं रंगवून झालं की मग प्रश्न पडतो, "आता मागे कोणता रंग देऊ?" खरं म्हणजे हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. मागचा रंग नुसता मागे बसून राहत नाही. पुढच्या प्रत्येक रंगात तो लुडबुड करतो.

रांगोळीचं शहाणपण

हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. शेणाने सारवलेल्या अंगणात पांढरी रांगोळी कशी उठून दिसायची! आता फ्लॅटच्या दारात पांढरी फरशी आली आणि तीच रांगोळी दिसेनाशी झाली. मग आपण काय केलं? रांगोळी काढण्याआधी गेरूचा पट्टा ओढायला लागलो. म्हणजे आधी भुई तयार केली, मग ठिपके मांडले.

डहाणू, जव्हारकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी हेच करत आल्या. माती, शेण आणि गेरूने सारवलेली भिंत आणि त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. कागद हाती आला म्हणून वारली चित्रांनी आपली मातीची भुई सोडली नाही. कागदालाही आधी माती-शेणाचा हात दिला जातो. कोऱ्या पांढऱ्या कागदावर ती पांढरी माणसं नाचणार तरी कुठे?

साडीच्या दुकानात तर आपण सगळ्याच जणी या विद्येत पारंगत असतो. ब्लाऊजपीस नुसता हातात घेऊन कुणी पसंत करत नाही. तो साडीवर ठेवून बघायचा, पदराशी धरायचा, काठाशी धरायचा. एकटा असताना मोतिया वाटलेला तुकडा अबोली साडीवर हिरवट दिसू शकतो, हे आपल्याला ठाऊक असतं. मग चित्र काढतानाच हे शहाणपण का विसरायचं?

साबणवाल्या शास्त्रज्ञाची गोष्ट

असं का होतं याचा छडा फ्रान्समधल्या मिशेल शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने लावला. तेल-तूप-चरबी म्हणजे नेमकं काय आणि त्याचा साबण कसा होतो, हे उलगडून दाखवणारा हाच गृहस्थ. १८२४ साली पॅरिसमधल्या गोबलँ या प्रसिद्ध गालिचे आणि भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम त्याच्याकडे आलं. तिथे एक तक्रार होती. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेली काळी लोकर फिकी पडते, तिला जोर नाही. शेव्रलने तिथली काळी लोकर दुसरीकडच्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात काही खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे काळा रंग डोळ्यांना मलूल दिसत होता.

यावर त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथच लिहिला. त्याचं सार एवढंच, की शेजारी-शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात. उजळ रंगाशेजारी ठेवलेला रंग आहे त्याहून गडद दिसतो, गडदाशेजारी उजळ दिसतो. लालाशेजारचा राखाडी हिरवट भासतो. गिऱ्हाइकाला एकापाठोपाठ एक लाल कापडंच दाखवली तर शेवटची त्याला फिकी वाटतात, हेही त्याने नोंदवून ठेवलं. दुकानदारांना हे आधीपासून ठाऊक असणार! शेव्रल १०२ वर्षं जगला. त्याचा नियम अजून खणखणीत आहे आणि तुमच्या मोबाईललाही तो लागू आहे.

विश्वास बसत नसेल तर पाच मिनिटं काढा. पडद्यावर दोन मोठे चौकोन करा, एक पांढरा आणि एक गडद तपकिरी. दोन्हींच्या मधोमध एकाच गव्हाळ रंगाचा छोटा चौकोन भरा. आता बघा. पांढऱ्यातला काळपट वाटेल, तपकिरीतला उजळ. दोन्ही रंग एकच आहेत हे तुम्ही स्वतः भरूनही डोळे मानणार नाहीत.

आई इतकी काळी कुठे होती?

आता खरी गोष्ट. आईचा फोटो समोर आहे. ड्रॉपरच्या खुणेने तुम्ही तिच्या गालाचा रंग उचललात आणि पांढऱ्या पडद्यावर लावलात. लगेच वाटतं, "छे! आई इतकी काळी कुठे होती?" मग रंग थोडा उजळ करायचा. तरी नाही जमलं, आणखी उजळ. असं करता करता चित्र पूर्ण होतं तेव्हा आई गोरीपान झालेली असते. घरचे म्हणतात, "छान आहे हो, पण कुणासारखी दिसते?" नाक-डोळे बरोबर असतात, पण माणूस हरवलेला असतो.

यात तुमच्या हाताचा दोष कमी आणि त्या पांढऱ्या पडद्याचा जास्त. कागदाचा पांढरा रंग खोलीतल्या उजेडावर जगतो. पडद्याचा पांढरा मात्र स्वतःच दिव्यासारखा पेटलेला असतो. त्याच्यासमोर सावळा, गव्हाळ, तांबूस असा आपल्याकडचा कुठलाही वर्ण अंधारल्यासारखा दिसतो. त्या वर्णातल्या बारीक छटा, गालावरची तुकतुकी, कपाळाचा तांबूस उजेड, मानेजवळची थंड सावली, हे सगळं एकाच काळपट पट्ट्यात गडप होतं.

हा काही नुसता हौसेचा मामला नाही, बायांनो. ज्या रंगावरून आपल्या कितीतरी आयांना आणि आज्यांना स्थळं सांगून येताना बोल ऐकावे लागले, तोच रंग आपण प्रेमाने आणि नकळत पुसून टाकतो. चित्र भिंतीवर लागतं. पंचवीस वर्षांनी पणती म्हणते, "आमची पणजी गोरी होती." ती नव्हती. ती सावळी होती आणि तशीच देखणी होती. ते चित्रात राहायला हवं असेल तर सुरुवात तिच्या चेहऱ्यापासून करू नका, तिच्या मागच्या रंगापासून करा.

मग घ्यावा तरी कोणता?

सोपा नियम सांगायचा तर मधला घ्या. धड पांढरा नाही, धड काळा नाही. पडद्यावरच्या रंगांना आकडे असतात. लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. तिन्ही १२० च्या आसपास ठेवलेत की मधला राखाडी मिळतो. त्यावर उजळ रंग उजळ दिसतो आणि गडद रंग गडद. दोघांनाही न्याय मिळतो.

नुसता राखाडी रुक्ष वाटला तर त्यात थोडी माती मिसळा. म्हणजे तपकिरी, गेरू किंवा मेंदीच्या बाजूला किंचित सरकवा, पण भडकपणाची पट्टी फार ओढू नका. शंभरातले दहा ते वीस पुरे. सावळ्या चेहऱ्यामागे मंद हिरवट राखाडी फार शोभतो. शेव्रलच्या नियमाने तो चेहऱ्यातला तांबूसपणा जागा करतो. झाडं-पानं काढायची असतील तर विटकरी भुई घेऊन बघा. पानांच्या फटींतून ती डोकावली की हिरवा रंग जिवंत होतो. मोगरा, तगर, जुई अशी पांढरी फुलं तर पांढऱ्यावर काढूच नयेत. मध्यम हिरवट भुईवर काढा, म्हणजे पाकळ्यांची सावलीही दिसेल आणि पांढरा रंग शेवटच्या उजेडासाठी हातात शिल्लक राहील.

काळ्या पडद्याचाही मोह टाळा. त्यावर पहिले चार रंग दागिन्यांसारखे चमकतात आणि आपण खूश होतो. पण तेच रंग मागून उजळ भुईवर आणले की मळकट दिसतात.

मात्र चित्रातच रात्र असेल, दिवा असेल, तर गडद भुईला पर्याय नाही. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र पुष्कळांनी छापील रूपात पाहिलं असेल. हातात समई घेतलेली आणि ज्योतीवर हात धरलेली ती बाई. १९४५-४६ च्या सुमारासचं हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीचा उजेड बोटांतून पाझरतो असं वाटतं, ते मागच्या काळोखामुळे. मागे उजेड असता तर समई विझल्यासारखी दिसली असती.

करायचं कसं?

रीत अवघड नाही. प्रोक्रिएटमध्ये थरांच्या यादीत सगळ्यांत खाली मागच्या रंगाचा थर असतो. त्याला टिचकी मारून रंग बदलायचा. क्रिटा हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात नवीन चित्र उघडतानाच मागचा रंग निवडता येतो. दुसरं कुठलंही ॲप असो, सगळ्यांत खालचा थर बादलीच्या खुणेने भरून टाका, त्याला कुलूप घाला आणि चित्र वरच्या वेगळ्या थरावर काढा. असं केलंत तर भुई पुढे केव्हाही बदलता येते. सगळं एकाच थरावर केलंत आणि नंतर मागे रंग ओतलात, तर केसांभोवती पांढरी किनार उरते आणि ती पुसता पुसता दुपार जाते.

कागदावरच्या पेन्सिलच्या चित्राचा फोटो घेऊन रंगवणार असाल तर त्या थराची पद्धत 'मल्टिप्लाय' करा. कागदाचा पांढरा रंग नाहीसा होतो, रेघा तेवढ्या राहतात आणि खाली हवी ती भुई भरता येते.

रंग निवडताना मोबाईलचा रात्रीचा पिवळट उजेड बंद ठेवा. त्या उजेडात निवडलेला रंग सकाळी वेगळाच दिसतो. पडद्याचा उजेडही कमी-जास्त होऊ न देता एका जागी ठेवा. मधून मधून डोळे किलकिले करून बघा. चेहरा मागच्या रंगात विरघळत असेल तर भुई थोडी गडद किंवा उजळ करा. आणखी खात्री हवी असेल तर चित्राची एक प्रत काढून ती काळी-पांढरी करा. त्यातही चेहरा उठून दिसला तर भुई जमली म्हणून समजा.

छापायचं असेल तर

पडदा उजेडाने रंग दाखवतो, छपाई शाईने. त्यामुळे पडद्यावरचे झगझगीत निळे आणि पोपटी रंग कागदावर मंद होतात. मातकट रंग त्या मानाने इमानी. पत्रिकेला पूर्ण गडद भुई दिलीत तर शाई फार लागते आणि पातळ कागद लोळागोळा होतो. आधी एकच प्रत काढून बघावी, मग शंभर सांगाव्यात.

पांढरा रंग अगदीच वर्ज्य आहे असं मात्र समजू नका. नुसत्या रेघांचं चित्र, भरतकामाचा नमुना, मजकुरात बसवायचं छोटं चित्र यांना पांढरं पानच बरं. कापडावर किंवा पिशवीवर छापायची नक्षी असेल तर भुई ठेवूच नका. मागचा थर बंद करून ती 'पीएनजी' म्हणून जतन करा. 'जेपीईजी' केलंत तर ती रिकामी जागा टिकत नाही, तिथे मागाहून रंग भरला जातो.

तेव्हा पुढच्या खेपेला नवीन चित्र उघडलंत की पेन हातात घेण्याआधी अर्धा मिनिट थांबा. काय काढायचं आहे, उजेड कुठला आहे, माणूस कोणत्या वर्णाचं आहे, हे मनाशी ठरवा आणि त्या पांढऱ्या पानावर आधी मातीचा हात फिरवा. मग आईच्या गालाचा रंग फोटोतून उचला आणि आहे तसाच लावा. तो उजळ करावासा वाटणार नाही.