गावकीचा न लिहिलेला कायदा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावरच्या गावांत ग्रामपंचायत असते आणि तिच्याखेरीज गावकी असते. पंचायत मतपेटीतून येते. गावकीला निवडणूक नाही, घटना नाही, बहुधा दप्तरही नाही. घरटी एक पुरुष, देवळाची वर्गणी, पालखीचा मान, तंट्याचा निवाडा एवढ्यावर ती उभी असते. तरीही पंचायतीचा ठराव मोडणे सोपे आणि गावकीचा शब्द मोडणे अवघड. असे का?

कारण कोणतीही संस्था नुसत्या कागदावर चालत नाही. माणसांच्या मनात रुजलेल्या मूल्यांवर चालते. याचा पुरावा याच जिल्ह्यात, महाडला आहे. १९२३ च्या बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. नियम बदलला, मने बदलली नाहीत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा सवर्णांनी माणसांना मारहाण केली आणि तळे ‘शुद्ध’ केले. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. ही वहिवाट अनादी आहे, हा सवर्णांचा दावा सिद्ध झाला नाही, असे उच्च न्यायालयाने सांगितले ते १९३७ साली.

गावकीचे हत्यार म्हणजे वाळीत टाकणे. त्या घराशी बोलायचे नाही, दुकानातून माल द्यायचा नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. जो बोलेल त्यालाही दंड. म्हणून पोलिसाची गरज उरत नाही. प्रत्येक शेजारीच भीतीपोटी पहारेकरी होतो. १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला. रायगडमधल्या अनेक तक्रारींनंतर २०१६ चा नवा कायदा आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण निर्णय तोंडी, साक्षीदार गावातलेच. मग साक्ष देणार कोण?

तरी गावाची एकजूट मुळातच वाईट, असे म्हणता येणार नाही. अलिबागजवळच्या चरी परिसरातील कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सुमारे सहा वर्षे संप टिकवला, तो या एकजुटीवरच. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे अशाच कुळांचा असंतोष होता. एकजूट तीच; खोतापुढे उभी राहिली तेव्हा ती मुक्ती झाली, एकट्या घरावर तुटून पडली तेव्हा गुलामी झाली.

म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे : बैठकीत कोण बसतो, कोण बाहेर उभा राहतो आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचे काय होते? हा प्रश्न सवर्ण गावकीला विचारून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या बौद्धवाडीतही बैठक भरते. तिथे बाईला शब्द आहे का? वर्गणी न देणाऱ्याच्या मयताला आपण जातो का? समता कायद्यात लिहिली गेली आहे. ती आपल्या बैठकीत उतरवणे हे काम दुसरा कोणी करणार नाही.