मांडीच्या हाडातलं शेवाळ

विहिरीत प्रेत तरंगताना दिसलं की गावात दोन तट पडतात. कोणी म्हणतं पाय घसरला, कोणी म्हणतं मारून टाकला. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो आणि खरा प्रश्न शवविच्छेदनाच्या टेबलावर येतो: पाण्यात पडला तेव्हा माणूस श्वास घेत होता का?

बुडून मरणं हा न्यायवैद्यकाच्या लेखी गुदमरण्याचाच एक प्रकार. त्याच्या काही खुणा नुसत्या डोळ्यांना दिसतात. नाकातोंडाशी पांढरा, बारीक बुडबुड्यांचा फेस असतो; पुसला तरी छाती दाबली की पुन्हा वर येतो. हवा, पाणी आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव श्वासाच्या धडपडीत घुसळून तो तयार होतो. मुठीत घट्ट आवळलेलं गवत सापडलं तर तेही बोलकं, कारण मेलेला हात काही धरायला जात नाही. तळव्यांची सुरकुतलेली, पांढरी पडलेली कातडी पाहून मात्र फसू नये. आधीच मेलेल्याला पाण्यात टाकलं तरी ती तशीच होते.

प्रेत आठवड्याने सापडलं तर? फेस गेलेला, फुप्फुसं कुजलेली. तेव्हा डॉक्टर मांडीच्या हाडाकडे वळतात, आणि खरं नवल इथे आहे.

नद्या, तळी, समुद्र, सगळीकडे डायटम नावाचं एकपेशीय शेवाळ असतं. मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा जीव, पण भोवती सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं कवच. कुंकवाच्या करंड्यासारखे त्याचे दोन भाग एकमेकांत बसतात आणि त्यावर अशी रेखीव नक्षी की सोनारानेही मान डोलवावी. बुडणारा माणूस पाणी आत ओढतो, फुप्फुसातल्या वायुकोशांचे नाजूक पडदे फाटतात, त्यातून बारीक डायटम रक्तात शिरतात. हृदय चालू असेल तर तेच त्यांना यकृत, मूत्रपिंड, मेंदू आणि पार हाडातल्या मज्जेपर्यंत नेऊन सोडतं. मेलेल्याच्या फुप्फुसात पाणी झिरपेल, पण तिथून पुढे न्यायला रक्त वाहतंच कुठे?

प्रयोगशाळेत ही मज्जा तीव्र नायट्रिक आम्लात तापवतात. पेशी, चरबी, सगळं विरघळतं. डायटमचं कवच आम्लाला दाद देत नाही. उरलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली जातो, आणि शेजारी विहिरीच्या पाण्याचा नमुना. विहिरीत सापडलेल्या माणसाच्या मज्जेत खाऱ्या पाण्यातल्या जाती निघाल्या, तर तपासाची दिशाच बदलते. बुडालेल्याच्या फुप्फुसात डायटम शोधायची कल्पना रेव्हेनस्टॉर्फ यांनी १९०४ मध्ये मांडली. ते रक्तावाटे इतर अवयवांत पोचतात हे इंत्से यांनी १९४२ मध्ये दाखवलं.

इतकं देखणं तंत्र, तरी तज्ज्ञांत त्यावरून वाद आहेत, आणि ते रास्त आहेत. डायटम धुळीत असतात, अन्नात असतात, नळाच्या पाण्यातही असू शकतात. शिवाय काहींचा घसा पाण्याच्या पहिल्या स्पर्शालाच आवळतो आणि पाणी फारसं आत जातच नाही. काही पाण्यांत डायटमच विरळ. त्यामुळे ते सापडले नाहीत म्हणून माणूस बुडाला नाही, असं ठरत नाही. सापडले तरी भांडी ऊर्ध्वपातित पाण्याने धुतली होती का, मज्जेशिवायची कोरी चाचणी लावली होती का आणि विहिरीचं पाणी कोणी, कधी, कशात भरलं, हे साक्षीच्या पिंजऱ्यात विचारलं जाऊ शकतं.