कारखान्यात बनलेले घर कसे ओळखावे?

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. धुंदलवाडी, झरी आणि आसपासच्या गावांतल्या अनेकांनी घर असूनही थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. अशा वेळी ‘कारखान्यातली तयार घरे आणून बसवा’ ही सूचना हमखास येते. पण तयार घर ही एकच वस्तू नव्हे.

ट्रकमधून काय उतरले, हा आमचा पहिला प्रश्न असतो. अख्खी खोली उतरली, तर ती पोर्टा केबिन किंवा मालवाहू कंटेनर. कंटेनरच्या आठही कोपऱ्यांवर लांबट भोकांचे जाड पोलादी ठोकळे दिसतात. भिंती सुट्या आल्या असतील, तर घर फलकांचे. खांब-तुळया आल्या असतील, तर सांगाड्याचे.

घर उभे राहून रंग लागला, की ओळख अवघड होते. मग एक ताकदवान चुंबक घ्यावा. तो भिंतीवर कुठेही चिकटला, तर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला फलक समजावा. ठरावीक अंतरावरच्या उभ्या रेषांत चिकटला, तर आत पोलादी पट्ट्यांचा सांगाडा आणि वर सिमेंटचे पातळ तक्ते. कुठेच चिकटला नाही आणि टिचकी मारल्यावर आवाजाऐवजी बोटच दुखले, तर बहुधा काँक्रीट. मग जमिनीपासून छतापर्यंत जाणारे सरळ सांधे शोधावेत.

हा खटाटोप कशासाठी? भूकंपात घरावर येणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच आणि १५ सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची भिंत सव्वातीन टनांच्या आसपास भरते. अर्ध्या मिलिमीटरच्या दोन पत्र्यांची, फोम भरलेली तेवढीच भिंत जेमतेम ८० किलो! (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.)

मात्र सगळे वजनावर ठरत नाही. आर्मेनियात ७ डिसेंबर १९८८ रोजी मोठा भूकंप झाला. लेनिनाकान, म्हणजे आजच्या ग्युमरी शहरात कारखान्यातल्याच काँक्रीटच्या दोन प्रकारच्या नऊमजली इमारती होत्या. सुटे खांब-तुळया जोडून उभारलेल्या अनेक इमारती कोसळल्या. मोठे भिंतफलक जोडलेल्या टिकल्या. सांगाड्यात सगळा भार मोजक्या सांध्यांवर येतो आणि तिथले जोडकाम कच्चे होते. फलकांच्या घरात तोच भार भिंतीभर वाटला गेला.

झरीकडचे कारवीच्या कुडाचे घर या हिशेबात कुठे बसते? लाकडी मेढींचा सांगाडा, त्यावर कारवीचा शेणामातीने लिंपलेला हलका, लवचिक कूड. धक्क्यात लिंपण पडेल, पण दगड-विटांची भिंत अंगावर येण्याचा धोका नाही. शिवाय मे महिन्यात त्यात बसवते. पत्र्याच्या केबिनीत, फोम पातळ असेल तर, बसवत नाही. आणि पावसाळी वाऱ्यात हलकेपणाच नडतो. म्हणून केबिन घेतलीच, तर ती पायाला बोल्टने जखडली आहे की नुसती विटांवर टेकवली आहे, हे आधी वाकून पाहावे.